तिसऱ्या ब्राउनवरच्या रेघा

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी रोजनिशी सुरू करणारा माणूस एकतर पुढारी असतो, नाहीतर घाबरलेला. मी पुढारी नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी महाराज बाड्यावर, शहरातल्या जुन्या बाजारचौकात, पणत्या घ्यायला गेलो होतो. पणत्या घेतल्या, दुकानातून बाहेर आलो आणि घर कुठल्या बाजूला ते कळेना. ज्या चौकातून साठ वर्षं ये-जा केली, तिथे उभा राहून मी एकेका रस्त्याकडे पाहत होतो. सवाऱ्या भरणारा एक टेम्पोवाला ओरडत होता, "सिटी सेंटर, सिटी सेंटर!" मी राहतो ती वस्ती हीच, पण त्या वेळी तो शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. पाच मिनिटं गेली असतील, फार तर पंधरा. मग सगळं आपोआप जागेवर आलं आणि मी घरी होतो. सुधा दारातच उभी होती. म्हणाली, "अहो, इतका उशीर?" मी म्हणालो, बाड्यावर गर्दी होती.

कुणाला सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही वही गोल्फच्या बॅगेत, पावसाळी कोटाच्या कप्प्यात राहील, तिथे सुधा हात घालत नाही. कधी गरज पडलीच तर म्हणून लिहून ठेवतो. मी महिपतराव पिसाळ, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. बायको सुधा. मुलगा शंतनु, बंगळुरूला. मित्र राघव, शाळेपासूनचा, जयेंद्रगंजात राहतो. गोल्फ क्लबच्या स्पर्धा समितीचा प्रमुख मी, गेली बावीस वर्षं. नियमांचं पुस्तक मला पाठ आहे. हे शेवटचं वाक्य मी रोज सकाळी तपासून पाहतो. अजून खरं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

राघव आजही मला न्यायला आला. जयेंद्रगंजातून क्लबला जायचं तर सिटी सेंटर वाटेत येत नाही, उलट लांब पडतं. मी तसं म्हटलं तर म्हणतो, "अरे यार, गाडीची बॅटरी बसते. फिरवावी लागते." दिवाळीपासून त्याची बॅटरी बसायला लागली आहे. तीस वर्षं हा गृहस्थ उशिरा येण्याबद्दल प्रसिद्ध होता, आता सातला पाच कमी असताना हॉर्न वाजतो.

दुसरी नवी खोड म्हणजे प्रत्येक होल झालं की मोठ्याने मोजणं. "तुझे पाच, माझे सहा." बहिऱ्याशी बोलावं तसं. मी म्हणालो, मला मोजता येतं. म्हणाला, "मला येत नाही ना, म्हणून मोजतो." राघव स्टेट बँकेत होता.

खेळ बरा झाला. आमच्याकडे हिरवळ नाही. भोकाभोवती तेल घातलेल्या वाळूचे गोल आहेत, त्यांना ब्राउन म्हणतात. चेंडू फिरला की वाळूवर त्याची बारीक रेघ उमटते. खेळून झालं की पुढच्यासाठी लाकडी पाटा ओढून रेघा पुसायच्या, अशी आमची रीत. आज पाचव्या ब्राउनवर पाटा ओढताना मनात आलं, वाळूला सगळं लक्षात राहतं, कुणीतरी पुसेपर्यंत. मग असलं काही मनात आल्याचीच भीती वाटली आणि मी पाटा भराभर ओढला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुधाला नवंच वेड. सकाळी चहा देताना वार सांगते. "आज शुक्रवार, देवीचा." काल "आज गुरुवार, दत्ताचा." चाळीस वर्षांत या बाईने उपास केला नाही आणि आता सगळ्या देवांचे वार पाठ.

माझ्या खाकी जॅकेटच्या कॉलरमध्ये आतून पांढऱ्या कापडाची पट्टी शिवलेली निघाली, तिच्यावर पक्क्या शाईने दहा आकडे. ड्रायक्लीनवाल्याची खूण असणार. पूर्वी हे लोक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे घालत, आता दहा. मानेला टोचत होती म्हणून कात्रीने कापून टेबलाच्या खणात टाकली.

शंतनुचा फोन आला. आईशी पाऊण तास बोलला, माझ्याशी दोन मिनिटं. "बाबा, गाडी कमी चालवता ना आता?" मी म्हणालो, राघव येतो, मला चालवायची पाळीच येत नाही. तो म्हणाला, "बढिया." फार लवकर म्हणाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज समितीची बैठक. ज्येष्ठांचा चषक कायम शनिवारी एक राउंड, रविवारी एक राउंड असा होतो. या वर्षी तीस तारखेच्या रविवारी मैदान लग्नाला दिलंय, कारण लग्नवाल्यांनी आमच्याआधी ठरवलं. तेव्हा दोन्ही राउंड शनिवारी एकोणतीसला. सकाळी नऊ होल, मग जेवण, मग सव्वादोनला परत नऊ होल.

गरिमा, क्लबची नवी सेक्रेटरी, चांगली मुलगी आहे, कामाला चटपटीत. ती म्हणाली, "काका, एका दिवसात दोन राउंड असले तर नियम वेगळे असतात का? मतलब, लोकांना कन्फ्यूजन नको." मी पुस्तक न उघडता सांगितलं. हँडिकॅप, म्हणजे ज्याला त्याला मिळणारी फटक्यांची सूट, दिवसभर एकच राहतो. सकाळी चांगलं खेळलात म्हणून दुपारी कमी होत नाही, बदल दुसऱ्या दिवशी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माधवरावांनी विचारलं, "आणि सकाळी वाईट खेळलो तर दुपारी वाढेल?" नाही, माधवराव. ते फार हिरमुसले.

आणि महत्त्वाचं म्हणजे दोन राउंडच्या मधल्या वेळात मैदानावर सराव करायचा नाही. दिवसाचा शेवटचा राउंड झाल्यावर वाटेल तेवढा करा, पण तोवर एखाद्या ब्राउनवर चेंडू फिरवून पाहिला तरी चूक. पहिल्या चेंडूला दोन फटके दंड, दुसरा फिरवला की बाद. मी स्वतः फलकावर लाल शाईने हे लिहिलं. अक्षर अजून चांगलं आहे माझं. सगळे वाचायला जमले तेव्हा ऊर भरून आला. ज्याच्या डोक्यात एवढं आहे त्याचं डोकं कसं जाईल?

पण दादांचंही अक्षर शेवटपर्यंत चांगलं होतं. माझे थोरले भाऊ, सूर्याजीदादा. दिवसातून तीनदा आंघोळ करायचे, कारण आधीची आठवायची नाही. आम्ही हसायचो. मी पण. जेवताना त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायचो. "दादांनी आज काय केलं माहीत आहे का?" दादा ताटाकडे बघत बसायचे. ते तिथे आहेत हे आम्ही जणू ठरवूनच विसरलो होतो. मला मरणाची भीती वाटत नाही. त्या ताटाची वाटते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या. बॅग भरली, चेंडू पुसले. सुधा म्हणाली, "उद्या शनिवार, मारुतीचा. आणि उद्या दोन राउंड आहेत बरं का." मी म्हणालो, नियम मी लिहिलेत, मला काय सांगतेस.

२९ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी चव्वेचाळीस फटके. राघवचे पंचेचाळीस. तिसऱ्या ब्राउनवर मी तीन पट, म्हणजे भोकाजवळचे हलके फटके, घालवले, ते डोक्यात राहिलं. जेवणात पुरी-भाजी, गाजराचा हलवा. हलवा खाऊन मी पटची काठी, पटर, आणि चेंडू घेतले आणि बाभळींच्या मागे तिसऱ्या ब्राउनवर गेलो. दरवर्षी शनिवारी जेवल्यावर जातो तसाच. ऊन छान होतं. चेंडू उजवीकडे किती वळतो ते पाहत होतो, म्हणजे उद्या चुकायला नको. मला फार बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं. कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

मागून राघवचा आवाज आला, "महिपत, काय करतोयस?"

"उद्यासाठी बघतोय. इथे उतार आहे रे."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चल, दोन वाजून गेले. सव्वादोनला आपली वेळ आहे."

कसली वेळ? हे मी विचारलं की मनातच म्हणालो, आठवत नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लाल शाईचा फलक आठवला, माझंच अक्षर. गरिमा दुरून याच बाजूला येत होती. राघवने खाली वाकून चेंडू गोळा केले आणि माझ्या खिशात कोंबले. मग पाटा उचलला आणि ब्राउनवरून गोल गोल ओढला. रेघा गेल्या. गरिमा आली तेव्हा वाळू कोऱ्या कागदासारखी होती. "काका, तुम्ही दोघं इथे?" राघव म्हणाला, "पाटा फिरवत होतो. लोग छोडके चले जाते हैं."

मी किती चेंडू फिरवले? एक असेल तर दोन फटके. जास्त असतील तर बाद. मला आठवत नाही. खिशात सात होते, पण सगळे वापरले का? वाळूला माहीत होतं, ती राघवने पुसली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. दुपारी त्रेचाळीस खेळलो, या वर्षातलं माझं सर्वांत चांगलं कार्ड. राघवहून दोन फटके कमी. चषक माझा. पुढच्या रविवारी, सात तारखेला बक्षीस समारंभ आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

पुस्तक काढून वाचलं. आपली चूक माहीत असून खेळाडू गप्प बसला तर निकाल लागल्यानंतरही त्याला बाद करता येतं. दोघांनी मिळून दंड झाकला तर दोघेही बाद. सगळं पानावर आहे तसंच पाठ होतं. म्हणजे नियम लक्षात आहेत आणि दिवस लक्षात राहत नाही. असला कसला मेंदू?

राघवला वाटतंय मी लबाडी केली. आणखी काय वाटणार? नियम लिहिणारा माणूस जेवण झाल्यावर गुपचूप बाभळींमागे जातो. साठ वर्षांची मैत्री, म्हणून त्याने झाकलं. काल गाडीने घरी सोडलं. उतरताना एवढंच म्हणाला, "दमलास का?" चोराला दमलास का विचारतात का कुणी? पण त्याला खरं सांगायचं तर काय सांगू? की मी चोर नाही, मी दादा झालोय?

२ डिसेंबर, मंगळवार

घरातून बाहेर पडलो नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघालो आणि फाटकातून परत फिरलो. समजा परत येताना कॉलनी ओळखू आली नाही तर? सुधाला सांगितलं, गुडघा दुखतोय. ती निमूटपणे स्वतः गेली. कोणता गुडघा, हेसुद्धा तिने विचारलं नाही.

जॅकेटच्या कॉलरमध्ये परत पट्टी, तेच दहा आकडे, या वेळी दुहेरी टाक्याने. ड्रायक्लीनवाला हट्टी दिसतो. पण जॅकेट मधल्या काळात धुवायला कुठे गेलं होतं? गेलं असेल. परत कापली.

५ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस विचार केला. रस्ते दोनच आहेत.

गप्प राहिलो तर चषक काचेच्या कपाटात बसेल आणि रोज माझ्याकडे बघेल. ते जमणार नाही. बोलायचं तर लोक विचारणार, का केलंत? त्याला उत्तरं दोनच. मुद्दाम केलं, किंवा विसरलो.

मुद्दाम म्हटलं तर मी लबाड. समिती जाईल, माधवराव नमस्कार करणार नाहीत, लष्कर भागातल्या चार मराठी घरी चर्चा होईल. पण लबाड माणसाशी लोक बोलतात तरी, भांडतात तरी. विसरलो म्हटलं तर सगळे गोड होतील. हळू आवाजात बोलतील. सुधाला विचारतील, हे जेवले का? गाडीची किल्ली जाईल, मग फाटकाला कुलूप लागेल, मग ते ताट.

ठरलं. मुद्दाम केलं म्हणायचं. लिहून ठेवतो म्हणजे आयत्या वेळी विसरणार नाही. रविवारी सांगायचं आहे की मी मुद्दाम केलं.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

सगळं लिहितो, एकही गोष्ट गाळत नाही.

क्लबच्या व्हरांड्यात वीस-बावीस माणसं होती. चहा, समोसे. सुधा पहिल्या रांगेत. टेबलावर चषक. गरिमाने माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मी उठलो आणि चषकाला हात न लावता म्हणालो, "एकोणतीस तारखेला दोन राउंडच्या मधे मी तिसऱ्या ब्राउनवर चेंडू फिरवले. मुद्दाम फिरवले. हा चषक माझा नाही."

माझी कल्पना होती की गलका होईल. कुणीतरी "शेम" म्हणेल. काहीच झालं नाही. माधवराव आपल्या बुटांकडे पाहायला लागले. मागच्या रांगेत एकाने दुसऱ्याचा हात दाबला. कुणाच्याही तोंडावर राग नव्हता. मी एकेकाकडे पाहत गेलो, राग शोधत गेलो. सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव होता आणि तो मी ओळखला. दादांच्या ताटासमोर बसलेल्या पाहुण्यांच्या तोंडावर तो असायचा.

गरिमाने येऊन माझा कोपर धरला. "काका, तुम्ही बसा ना. कोई बात नहीं, हो जाता है." आणि मग माझ्या खांद्यावरून सुधाला म्हणाली, "काकू, काकांना घरी न्यायचं का? मी गाडी लावायला सांगते."

न्यायचं का. मी तिथेच उभा होतो. इतकी भीती मला बाड्यावरसुद्धा वाटली नव्हती. मला वाटलं, झालं, सुरू झालं, आता यापुढे असंच.

"गरिमा!" राघव मागून जवळजवळ ओरडलाच. "जे विचारायचं ते त्याला विचार. तो इथे उभा आहे."

तो खुर्च्या सरकवत पुढे आला, माझ्या समोर उभा राहिला. चौथीत मी त्याची गोटी चोरली होती तेव्हा असाच आला होता.

"किती चेंडू?"

"आठवत नाही."

"सात. सात रेघा होत्या. मोजल्या आणि मग पुसल्या. आता खरं बोल. मुद्दाम केलंस?"

मी वहीत लिहिलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते बाहेर येईना. तो डोळे वटारून बघत होता, अगदी माझ्याकडे, माझ्या आजूबाजूला नाही.

"नाही," मी म्हणालो. "दुपारी अजून एक राउंड आहे हेच मी विसरलो होतो. मला वाटलं रविवार बाकी आहे."

झालं बोलून. वीस माणसांसमोर. सुधाने तोंडाला पदर लावला.

"मग बाद," राघव म्हणाला. "मुद्दाम कर नाहीतर विसरून कर, नियम तोच आहे. आणि मी झाकलं, म्हणून मीही बाद. लिही गरिमा, दोन नावं लिही. बघतेस काय?"

गरिमाने लिहिलं. रडत रडत लिहिलं, पण लिहिलं. तिसरे माधवराव होते. त्यांना चषक दिला तेव्हा ते म्हणाले, "अरे पण मी तर सकाळी बावन्न मारलेत यार!" सगळे हसले. मी पण हसलो. आपल्या हसण्याचा आवाज ऐकून मला नवल वाटलं.

गाडीत सुधा मागे बसली, मी पुढे. मी राघवला विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"पणत्यांच्या दिवसापासून."

"त्या दिवशी तू कुठे होतास? मी तर एकटाच घरी आलो."

राघवने आरशातून सुधाकडे पाहिलं. मग बहुधा गरिमाला आपण काय बोललो ते त्याला आठवलं, कारण त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "महिपत, तू दीड तास बाड्यावर उभा होतास. दुकानदाराने तुझ्या फोनवरून शेवटचा नंबर लावला, तो माझा निघाला. मी तुला आणलं. वाटेत तू मला तीनदा विचारलंस, आपण कुठे चाललो आहोत."

मी मघापासून आठवायचा प्रयत्न करतोय. त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. पाच मिनिटं, फार तर पंधरा, असं मी याच वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. आता ही वही पण मला खात्रीची वाटत नाही.

घरी आल्यावर बराच वेळ खुर्चीवर बसून होतो. मग जॅकेट आणलं, टेबलाच्या खणातून कापलेल्या दोन्ही पट्ट्या शोधून काढल्या आणि सुधासमोर ठेवल्या. तिच्याच मोबाइलचे दहा आकडे. चाळीस वर्षांचा संसार आणि मी तिचा नंबर ड्रायक्लीनवाल्याचा समजलो.

ती घाबरून बघत राहिली. तिला वाटलं मी ओरडणार.

"सुई-दोरा आण," मी म्हणालो. "या वेळी नीट शिव, टोचायला नको. आणि खाली राघवचा पण नंबर घाल. तू फोन कुठे उचलतेस?"

आता ती समोर बसून शिवते आहे. चष्मा नाकावर, दोरा दाताने तोडते. मधेच म्हणाली, "उद्या सोमवार, शंकराचा."

"आणि परवा?" मी विचारलं.

"परवा मंगळवार."

"बरं," मी म्हणालो. "परवा परत सांग."